काकूंच्या मोरीत तांब्याभर पाणी

शेजारच्या काकूंच्या घराची किल्ली ऑक्टोबर ते मार्च आमच्या दाराआडच्या खिळ्याला असते. त्यांचा मुलगा फिनिक्सला, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात. पाहुण्यांच्या व्हिसावर तिथं एका खेपेला सहसा सहा महिने राहू देतात, म्हणून काका-काकू दसरा झाला की निघतात आणि मार्च सरता सरता जुळे सोलापुरात परत येतात. तुळस बहिणीकडे, देव बहिणीकडे. मला एकच काम सांगून जातात, "आठवड्याला एकदा मोरीत तांब्याभर पाणी ओत गं. संडासात पण. इसरू नको बघ."

झाडाला घालावं तसं मोरीला पाणी घालायचं, हे काकू फिनिक्सहून शिकून आल्या. तिथं हिवाळ्यापुरतं घर करणारी हजारो माणसं आहेत, आणि कोरड्या मुलखात घर कसं वसवायचं, कसं मिटायचं, याचं एक शास्त्रच त्यांनी बसवलंय. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी त्यातलं निम्मं मला काकूंच्या फोनमुळे कळलं. फिनिक्स आपल्या साडेबारा तास मागे. आपला रात्रीचा साडेआठचा फोन त्यांना सकाळी आठला लागतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात, ॲरिझोनात मात्र (नवाहो लोकांचा मुलूख सोडला तर) सरकवत नाहीत. का? तर संध्याकाळी आणखी तासभर ऊन कुणाला हवंय! हे कारण कुठल्याही सोलापूरकराला समजावून सांगावं लागणार नाही.

पहिल्या खेपेला काकूंनी बॅगेत चार सोलापुरी चादरी भरल्या. मुलगा म्हणाला, आई, वाळवंटात चाललीस, चादरी कशाला? पहिल्याच आठवड्यात चारही चादरी बाहेर निघाल्या. जानेवारीत फिनिक्सला दुपारी २० अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे ८. शहराबाहेरच्या उघड्या रानात पारा शून्यालाही टेकतो. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली वाळू येते, आणि म्हणून थंडीचं नवल वाटतं. पण वाळवंट ठरतं ते पाऊस किती कमी त्यावर. ऊन किती, हा पुढचा प्रश्न. फिनिक्सला वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. सोलापूरला साधारण ७०० पडतो, म्हणजे आपण वाळवंट नव्हे, अर्धशुष्क प्रदेश. पण खोड तीच. आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो, महाबळेश्वर भिजतं आणि आपण पर्जन्यछायेत. तिकडे कॅलिफोर्नियातले डोंगर पॅसिफिकचे ढग अडवतात. शिवाय विषुववृत्तावर वर चढलेली हवा पाऊस टाकून मोकळी होते आणि त्या अक्षांशांवर पुन्हा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणखी कोरडी होते.

आता मुख्य गोष्ट. कोरडी हवा हातचं काही राखत नाही. ऊब येवो, ओल येवो, सगळं आल्या वाटेनं जाऊ देते. एवढं एक वाक्य धरलं की वाळवंटातलं निम्मं जगणं उलगडतं.

रात्रीचंच बघा. जमीन दिवसभर ऊन पिते आणि अंधार पडला की ती ऊब न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून आभाळाकडे टाकत राहते. हवेत वाफ असली, ढग असले, तर ते ही ऊब मधेच धरतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. पौषात एखाद्या रात्री आभाळ आलं की थंडी एकदम कमी होते, आणि आपली माणसं "ढगानं थंडी पळवली" म्हणतात, ते अगदी खरं असतं. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, म्हणजे जमीन पांघरूण न घेता झोपली. ज्वारीच्या पानावर पहाटे दव दिसतं तेही यामुळेच. पान आपली ऊब आभाळाला देऊन भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि हवेतली होती नव्हती ती वाफ त्यावर थेंब होऊन बसते. रब्बीची मालदांडी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि या गार रात्रींवर पोसते. हुरड्याला बसताना हे कुणाच्या मनात येत नाही, यायचं कारणही नाही.

दुसरं कारण पाण्याच्या आळशीपणाचं. किलोभर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात किलोभर कोरडी वाळू तेवढीच तापते. ओली जमीन हळू तापते, हळू निवते. कोरडी लगेच तापते, लगेच निवते. समुद्राकाठच्या माणसाला दिवस आणि रात्र हे एकाच ऋतूचे दोन प्रहर वाटतात. वाळवंटात दुपार हा एक ऋतू आणि पहाट हा दुसरा. म्हणून सोलापुरी चादर तिथं बरोब्बर बसते. रजई दुपारी डोळ्यांपुढे नको होते, पातळ शाल पहाटे पुरत नाही. जाड सुती चादर मात्र रात्रभर अंगावर आणि दिवसा घडी घालून सोफ्यावर. काकूंच्या नातवाने तर ती गुंडाळूनच अभ्यासाला बसायचं ठरवलंय.

कडक भाकरीचंही तसंच. ती मुंबईला नेली की डबा उघडल्यापासून नरम पडायला लागते. फिनिक्सला महिनाभर कुरकुरीत राहते. काकू सांगतात, "कपडे दोरीवर टाकून आत येस्तोवर वाळायलेत बघ. घाम म्हणून अंगावर दिसत न्हाई." हे शेवटचं धोक्याचं आहे. घाम येतो, पण दिसायच्या आत उडतो, आणि दिसत नाही म्हणून माणूस पाणी प्यायचं विसरतो. हिवाळ्यात तर तहानही लागत नाही. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. तो चटका म्हणजे अंगावर साठलेली वीज. दमट हवेत ती वस्तूंवरच्या ओलीच्या थरातून गुपचूप ओसरते, कोरड्या हवेत तिला वाट मिळत नाही, मग ठिणगी पडते. वयस्क माणसांनी तिथं आणखी एक जपायचं असतं. तिथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर तिचे बीजाणू छातीत जातात आणि 'व्हॅली फीवर' नावाचा आजार होतो. काकांना पहिल्या वर्षी मुलाने धुळीच्या दिवशी फिरायला जाऊ दिलं नाही तेव्हा काका रुसले होते. फिरायला न मिळालेला सोलापूरचा निवृत्त माणूस फार कटकट करतो.

पण मग अशा ठिकाणी लोक हिवाळ्यासाठी मुद्दाम येतात का? येतात, झुंडीने. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, कॅनडातला अल्बर्टा, इथं हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश उतरतो. तिथले निवृत्त लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात ॲरिझोनात उतरतात आणि एप्रिलात परततात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात, बर्फातले पक्षी. कुणाचं दुसरं घर असतं, कुणी चाकांवरचं घर ट्रकमागे ओढत आणतं आणि युमा नाहीतर क्वार्ट्झसाइटच्या उघड्या माळावर सहा महिने मुक्काम टाकतं. कॅनडाची माणसं दिवस मोजून राहतात, कारण फार राहिलं तर अमेरिकेचा कर मागे लागायचा आणि आपल्या प्रांतातला सरकारी आरोग्य विमा जायचा. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, तसंच हे. फक्त पक्ष्यांना कर भरावा लागत नाही. ॲरिझोनाच्या दक्षिणेला खरेखुरे पक्षीही येतात, हजारोंनी सँडहिल क्रौंच.

या पाहुण्यांच्या मुक्कामात तिथला मुलूख आपल्या रब्बीसारखा जागा असतो. युमाच्या भोवती कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर हिवाळ्यात मैलोन् मैल पालेभाजी उभी असते आणि अमेरिकेच्या हिवाळ्यातल्या कोशिंबिरीचा मोठा हिस्सा तिथून जातो. हिरवळीचं तर नाटकच. उन्हाळ्यातलं गवत थंडीत पिवळं पडतं, म्हणून ऑक्टोबरात त्यावर रायगवताचं बी पेरून दुसरं हिरवं गवत उगवतात, पाहुण्यांच्या गोल्फसाठी. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात बसून हे ऐकताना मला काय वाटलं ते लिहीत नाही.

थंडीच्या रात्रीचा एक प्रकार मात्र मला फार आवडला. हिमकणांची शक्यता सांगितली की तिथले लोक संध्याकाळी अंगणातल्या निवडुंगाच्या प्रत्येक शेंड्यावर चहाचा थर्माकोलचा पेला उपडा घालतात. टोप्या घातलेले निवडुंग! शेंडा हा वाढीचा कोवळा भाग, तो आभाळाकडे तोंड करून सगळ्यात आधी गारठतो. पेला त्याच्या आणि आभाळाच्या मधे येतो, म्हणजे त्या एवढ्याशा जागेपुरता ढग. लिंबा-संत्र्याच्या झाडांवर जुनी चादर टाकतात, पण ती खोडाला बांधत नाहीत, जमिनीपर्यंत सैल सोडतात, कारण पकडायची असते ती जमिनीतून वर येणारी ऊब. आधी जमीन भिजवूनही ठेवतात, ओली जमीन जास्त ऊब धरते म्हणून. आपले द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे बागेत पाणी सोडतात, धूर करतात, त्यामागचं गणित हेच.

सग्वारो नावाचा तिथला उंच निवडुंग स्वतःची सोय स्वतःच करतो. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्या असतात. पाऊस झाला की त्या उलगडतात, तो फुगतो, मग महिनोन्‌महिने तेच पाणी पुरवून पुरवून खातो आणि पुन्हा मिटतो. बाजूला हात फुटायला त्याला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. तिथं पाऊस दोनदा येतो, हिवाळ्यात पॅसिफिकवरून येणारी संथ झड आणि उन्हाळ्यात गडगडाटी वळीव. त्या उन्हाळी पावसाला ते चक्क 'मान्सून' म्हणतात आणि १५ जून ते ३० सप्टेंबर असे त्याचे दिवसही ठरवून टाकलेत. १५ जून ऐकून काका हसले होते. आपल्याकडे मृग पंचांगात दिलेल्या तारखेला निघतो, पण पाऊस पंचांग वाचत नाही.

घराकडे येऊ. कोरड्या हवेला ऊब राखता येत नसेल तर ते काम कुणीतरी करायला हवं, आणि जुन्या काळी ते भिंत करायची. माझं आजोळ माळवदाचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर लाकडाचा पाट आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशी भिंत उष्णता अडवत नाही, उशीर करते. दुपारचं ऊन बाहेरून आत पोचायला दहा-बारा तास घेतं. म्हणजे जानेवारीत दुपारची ऊब मध्यरात्री आत येते, अगदी हवी तेव्हा. मे महिन्यातही ती रात्रीच येते, पण तोवर माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात. घराला दिवसपाळी-रात्रपाळी होती आणि माणसं त्याप्रमाणे खाली-वर करायची. फिनिक्सजवळ कासा ग्रांदे म्हणून चौदाव्या शतकातली एक चार मजली इमारत उभी आहे, तिथल्या मूळ लोकांनी चुनखडीच्या मातीची बांधलेली. तळाशी तिच्या भिंती चार फूट जाड आहेत. फोटो बघितला की मंगळवेढ्याकडची एखादी ढासळलेली गढी वाटते.

काकूंच्या मुलाचं घर अर्थात तसलं नाही. लाकडी सांगाडा, भिंतीत काचलोकर, बाहेरून गिलावा. ही भिंत उशीर करत नाही, अडवते. आत ऊब किंवा गारवा यंत्राने आणायचा आणि भिंतीने तो बाहेर जाऊ द्यायचा नाही. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडक्या मात्र फुकट काम करतात. डिसेंबरात फिनिक्सचा भरदुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो, म्हणून ऊन तिरपं होऊन घरात खोलवर येतं. सोलापुरात त्या दिवसांत तो ४९ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यावर तर बरोब्बर डोक्यावर, सावली पायाखाली. आपल्याला छतच वाचवायचं असतं, खिडकी नंतर. नव्या बंगल्यांच्या उघड्या स्लॅबवर झोपून बघा म्हणजे कळेल. माळवद पाडून स्लॅब टाकताना आपण उशीर विकला आणि कूलर विकत घेतला, असं माझं मत आहे. घरचे म्हणतात, माळवद गळतं तेव्हा तुझं मत कुठं असतं. तेही बरोबर आहे.

आणि आता मोरी. मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली, संडासाच्या भांड्यात पाईपला एक वळण असतं. मोरीतल्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या वळणात दोन बोटं पाणी कायम साठून राहतं आणि तेच पाणी दार असतं. त्याच्या पलीकडे गटार. गटारातला वायू, वास, झुरळं या सगळ्याला ते पाणी अडवतं. रोज वापर असेल तोवर पाणी आपोआप बदलतं. घर बंद झालं की वरून भर पडत नाही, आणि कोरडी हवा आपलं काम चालू ठेवते. थोडं थोडं करून पाणी उडतं आणि काही आठवड्यांत दार सताड उघडं.

काकू पहिल्यांदा गेल्या तेव्हा हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मार्चच्या शेवटी त्या येणार म्हणून आदल्या दिवशी मी झाडून घ्यायला गेले, दार उघडलं आणि तशीच मागे आले. घरात काहीतरी मेलंय असं वाटलं. फ्रिज रिकामा, डबे रिकामे, उंदीर नाही. स्वयंपाकघरात हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर एकेक झुरळ. मी दोन बाटल्या फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, मोरीची जाळी उचलली, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "ताई, ट्रॅप सुकलाय. बादलीभर पाणी ओता, झालं." त्याने पैसे घेतले नाहीत. फिनेलचे मात्र गेले.

एप्रिलात फिनिक्स सोडणाऱ्यांची या बाबतीत मोठी तयारी असते. काकूंनी तिथल्या एका शेजारणीची यादीच ऐकवली. पाण्याची मुख्य तोटी बंद करायची, गिझर बंद. संडासाच्या भांड्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून चिकटवायचं, म्हणजे पाणी उडणार नाही. मोऱ्यांत पाणी भरून वर पळीभर तेल सोडायचं. तेल पाण्यावर तरंगतं, सहज उडत नाही, आणि खालच्या पाण्याला झाकण होतं. एसी मात्र बंद करायचा नाही, २९-३० वर लावून निघायचं, नाहीतर बंद घरात भट्टी होऊन लाकडी सामान तडकतं. काही जण लाकडासाठी खोलीत पाण्याची बादलीही उघडी ठेवतात. सहा महिने रिकामं घर थंड करत राहायचं! मला हे पटत नाही, पण फर्निचर माझं नाही.

तो उन्हाळा आहेच तसा. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. जुलैतल्या एका रात्री तर तो ३६ च्या खाली उतरलाच नाही. आता तुम्ही विचाराल, रात्री वाळवंट निवतं म्हणालात ना? रान निवतं. शहर निवत नाही, कारण डांबर आणि काँक्रीट माळवदाच्या भिंतीसारखं दिवसाचं ऊन रात्रभर परत देत राहतं, आणि भोवती लाखो एसी घरातली उष्णता गल्लीत फेकत असतात. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथं त्या वर्षी उष्णतेशी जोडलेले ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले कितीतरी बेघर. पक्षी उडून जाऊ शकतात, बाकीचे तिथंच असतात. इकडेही मे महिन्यात पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बायकांना आणि यंत्रमागाच्या शेडमधल्या माणसांना कुणी दुसरं घर विचारलेलं नाही.

काका-काकूंचं गणित तर उलटंच. सगळे स्नोबर्ड उन्हाळा चुकवायला निघतात आणि हे दोघं नेमके सोलापूरच्या एप्रिल-मेत येऊन पडतात. मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "हितं ऊन हाय, पर दार उघडं ठेवता येतंय की. तिथं उन्हाळ्यात दार लावूनच बसायलेत सगळे." त्यांना एकच चुटपुट असते. जानेवारीतला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची यात्रा, चुकतो. नंदीध्वज निघतात त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल लावून रस्त्याकडेला उभं राहावं लागतं. इकडे दुपार, तिकडे मध्यरात्र, आणि काकू चादरीत गुंडाळून जाग्या.

या आठवड्यात दोन दिवस उशीर झालाय मला. उद्या आमच्याकडे नळाचा दिवस आहे. आधी आपला हौद भरते, मग किल्ली घेऊन जाते. मोरीत एक तांब्या, संडासात एक, आणि यंदापासून बेसिनमध्येही अर्धा.